खुर्चीतला खेळ

चिंचवडला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत, दुकानांच्या ओळीवर, पहिल्या मजल्यावर एक पूल पार्लर आहे. गुरुवारी संध्याकाळी तिथे उभं राहायलाही जागा मिळत नाही. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बाकी जगाचा रविवार आमच्याकडे त्या दिवशी उगवतो. टेबलांवर खाली ओढलेले दिवे, बोटांना लागलेली निळ्या खडूची पूड, आणि हरेल त्यानं टेबलचे पैसे भरायचे हा सगळ्यांना मान्य असलेला रिवाज. बघायला आलेले सगळे टेबलाकडे बघत असतात. मी गेली अनेक वर्षं टेबलाइतकाच भिंतीकडेच्या खुर्चीकडे बघत आलो आहे.

पूलमध्ये चूक झाली की खेळाडूला खुर्चीत जाऊन बसावं लागतं. हे वाक्य साधं आहे, पण या खेळाचं सगळं नाट्य त्यातच आहे. कबड्डीत पकड सुटली तर दुसऱ्याच क्षणी अंग पुन्हा कामाला लागतं. टेनिसपटूला पुढची सर्व्हिस परतवायची असते. इथे मात्र आपल्या चुकीनं उघडं पडलेलं टेबल समोरचा माणूस सावकाश, एकेक बॉल घालत रिकामं करतो, आणि आपण हात बांधून ते बघायचं. चिडीला बाहेर पडायला वाटच नाही. मायकेल फरेरांनी 1978 साली राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धेत एकाच पाळीत 1149 गुणांचा ब्रेक केला. हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू. त्या ब्रेकबद्दल वाचताना माझ्या मनात दर वेळी समोरच्या खुर्चीतला माणूस येतो. इतका वेळ नुसतं बसून राहणं हाही खेळच आहे, आणि तो शिकवणारा प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात त्या पार्लरनं आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची नाइन बॉलची स्पर्धा ठेवली होती. नऊ नंबरचा बॉल जो घालेल त्याचा रॅक; जो आधी पाच रॅक जिंकेल तो पुढे. उपांत्य सामन्यात एका बाजूला भोसरीच्या एका टूलरूममध्ये आयुष्य काढलेले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. दुसऱ्या बाजूला चाकणच्या असेंब्ली लाइनवरचा पंचविशीचा मुलगा. त्याला दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, म्हणजे पहाटे पाचला कंपनीची बस. तो त्यांना काका म्हणत होता, ते त्याला नुसतं 'अरे' म्हणत होते. जिंकण्यापलीकडे काहीतरी त्या दोन तासांत घडत गेलं, आणि ते मला पुन्हा पुन्हा आठवून बघावंसं वाटतं.

काकांची चीड समजायची तर त्यांचा धंदा लक्षात घ्यावा लागतो. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटर व्यासाचा. नियमावली त्यात जास्तीत जास्त 0.127 मिलिमीटरची सूट देते. टूलरूमच्या भाषेत पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी जेमतेम बसतील एवढं. जो माणूस दिवसभर एक-दोन थाऊंसाठी जॉब परत पाठवतो, त्याला एवढ्या मोठ्या तोंडात बॉल जाऊ नये ही गोष्ट हरण्यापेक्षा जास्त लागते. हरणं समजू शकतं. हात चुकणं म्हणजे आपल्या कारागिरीवर डाग.

पहिल्या रॅकमध्ये सात नंबरचा बॉल चुकल्यावर काकांनी केलं काय, तर ओठ घट्ट मिटले, मान एकदा डावीकडे झटकली आणि पावलं मोजावीत तसे चालत खुर्चीकडे गेले. बसल्यावर क्यू दोन गुडघ्यांमध्ये उभा धरला आणि कपाळ त्याला टेकवलं. मुलगा शॉट घ्यायला वाकला, तसं त्यांनी कपाळ उचललं, पाठ सरळ केली आणि टेबलाकडे बघायला लागले. हे एवढंच. पण मुलगा वाकण्याच्या आणि काकांचं कपाळ वर येण्याच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. म्हणजे स्वतःच्या दुःखात बुडालेले असतानाही त्यांच्या डोळ्याचा कोपरा समोरच्या माणसावर होता.

आपल्या रसशास्त्रात यासाठी अतिशय नेमके शब्द आहेत. क्रोध हा स्थायी भाव. तो पक्का झाला की रौद्र रस. पण भरतानं तेहतीस संचारी भावही सांगितले आहेत. ते येतात, लाटेसारखे हलतात आणि जातात. त्यांत अमर्ष आहे, म्हणजे आपला कमीपणा सहन न होणं. विषाद आहे, असूया आहे आणि धृतीसुद्धा आहे. मला वाटतं, खेळाडूवृत्ती म्हणजे चीडच न येणं असं आपण उगाच मानून बसलो आहोत. दगडी चेहऱ्याचा खेळाडू मला कधीच फारसा भावला नाही. त्याचं काही पणाला लागलं आहे असंच वाटत नाही. काकांच्या चेहऱ्यावर अमर्ष आला, विषाद आला, आणि मुलगा वाकेपर्यंत दोन्ही निघून गेले. त्यांनी भावाला संचारीच राहू दिलं, स्थायी होऊ दिलं नाही. खुर्चीतल्या माणसाची खरी कला ती.

जगातल्या पूलमध्ये चीड दाखवण्याच्या दोन टोकांचा सर्वांत मोठा सामना 1996 साली हाँगकाँगला झाला. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचे अर्ल स्ट्रिकलंड. नाइन बॉल, जो आधी 120 रॅक जिंकेल तो विजेता, तीन दिवस चाललेला खेळ, बक्षीस एक लाख डॉलर. रेयेस 120-117 असे जिंकले. स्ट्रिकलंड हे भर सामन्यात प्रेक्षकांशी, पंचांशी, स्वतःशी भांडण्याबद्दल प्रसिद्ध. रेयेस बॉल चुकला की डोकं खाजवतात आणि ओशाळं हसतात. या जोडीकडे बघून लोक लगेच संत आणि तापट अशी वाटणी करतात. मला ती मान्य नाही. डोकं खाजवणं हीसुद्धा चीडच आहे, फक्त तिचा रोख आत वळलेला आहे. स्ट्रिकलंडच्या चिडीतही खेळावरचं प्रेम उतू जाताना दिसतं. अडचण एवढीच, की ते उतू गेलेलं दुसऱ्याच्या शॉटवर सांडतं.

आणि प्रश्न सांडण्याचाच आहे. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत बेशिस्त वर्तनाची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत पहिलंच आहे समोरच्याचं लक्ष विचलित करणं. मनात राग येऊ नये असं कोणताही नियम म्हणत नाही. म्हणू शकतही नाही.

तीन-तीन अशी बरोबरी असताना ती गोष्ट घडली जी बहुतेकांनी पाहिलीच नाही. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध होता. चार नंबरच्या शॉटसाठी काका लांब वाकले, डाव्या हाताचा पूल करून स्थिरावले, आणि मग काहीही न खेळता सरळ उभे राहिले. म्हणाले, "बाही लागली. फाउल." त्या सामन्याला पंच नव्हता. पंच नसला की समोरचा खेळाडूच पंच असतो, आणि तो दहा फुटांवर खुर्चीत बसलेला, मधे काकांची पाठ. मुलाला दिसणं शक्यच नव्हतं. फुल बाहीच्या शर्टाचं बटण पांढऱ्याला केसाएवढं लागलं असेल. फाउल म्हणजे पांढरा बॉल मुलाच्या हातात, टेबलावर हवा तिथे ठेवून खेळायची मुभा. रॅक गेल्यातच जमा.

इथपर्यंत ही प्रामाणिकपणाची गोष्ट झाली, आणि क्यूच्या खेळात ती परंपरा जुनी आहे. स्नूकर तर आपल्याकडेच, जबलपूरच्या छावणीत 1875 साली जन्मलं, आणि आपला फाउल आपणच सांगायचा हा त्या खेळाचा मोठा अभिमान. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. काका खुर्चीत जाऊन बसले आणि प्रचंड चिडले. खडूचा तुकडा घेऊन टिपवर असा फिरवायला लागले की त्याचा किरकिर आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला. कान लाल झाले होते. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं. मुलानं पांढरा बॉल ठेवला आणि किरकिर थांबली. खडू त्यांनी मुठीत धरला, आणि मुलगा रॅक संपवेपर्यंत मूठ उघडली नाही. उघडली तेव्हा तळवा निळा झाला होता.

खरं बोलून माणसाला शांत वाटतं असं आपण मुलांना सांगतो. खरं बोलल्यावर काका शांत झाले नाहीत. खऱ्याची किंमत एक रॅक होती आणि ती त्यांना बोचत होती. ती बोचायलाच हवी. ज्याला बोचत नाही त्यानं दिलं काय? त्या लाल कानांमुळेच "बाही लागली" या दोन शब्दांचं वजन मला कळलं.

याच्या उलटा प्रसंग क्यूच्या खेळातल्या फार मोठ्या माणसाकडून घडला आहे. 2006 साली यॉर्कला स्नूकरच्या यूके चॅम्पियनशिपच्या उपांत्यपूर्व फेरीत रॉनी ओसलिव्हन स्टीफन हेंड्रीविरुद्ध 4-1 मागे होते. सामना सतरा फ्रेमचा, म्हणजे जिंकायला नऊ लागणार होत्या. अजून पुष्कळ खेळ शिल्लक होता. सहाव्या फ्रेममध्ये एक लाल बॉल चुकला, आणि ओसलिव्हननी हेंड्रींशी, पंचांशी हात मिळवला आणि निघून गेले. त्यांनी क्यू आपटला नाही, शिवी दिली नाही, हस्तांदोलनही केलं. बाहेरून सगळं रीतसर. तरी हेंड्रींच्या चेहऱ्यावरचा गोंधळ सांगत होता की त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं आहे. जिंकण्यासाठी जे श्रम करायला ते आले होते, ते करण्याची संधीच गेली. ओसलिव्हन माझे अतिशय आवडते खेळाडू आहेत, आणि म्हणूनच तो प्रसंग मला आजही सलतो. खुर्ची रिकामी टाकून जाणं हा समोरच्यावर केलेला अन्यायच आहे.

चार-चार. शेवटचा रॅक. सहा, सात, आठ काकांनी असे घातले की पार्लरमधली कुजबुज बंद पडली. उरला नऊ. कोपऱ्यापासून दोन वीत अंतरावर, थोडा कुशनकडे. पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. कठीण नव्हता, पण लांबचा होता, आणि लांबच्या शॉटला हात आपोआप जोर लावतो. नऊ पॉकेटच्या एका जबड्याला लागला, दुसऱ्याला लागला, खडखडला आणि तोंडावरच थांबला. जोर कमी असता तर आत पडला असता. पांढरा फिरून मुलाच्या समोर आला. लहान पोरानंही घालावा असा बॉल.

काकांचा क्यू वर गेला. टोकाजवळ धरलेला, जाड बुंधा खाली, आणि तो जमिनीच्या दिशेनं सुटला. सगळ्यांनी पाहिलं. फरशीपासून चार बोटांवर तो थांबला. हात थरथरत होता. मग बुंधा त्यांनी इतका हळू टेकवला की आवाजही आला नाही. नाट्यशास्त्रात वेपथू, म्हणजे कंप, हा सात्त्विक भाव मानला आहे. ठरवून आणता येत नाही असा. ती चार बोटांची पोकळी मला त्या संध्याकाळचा सर्वांत सुंदर क्षण वाटते. राग पूर्ण दिसला, आणि पूर्ण आवरला गेला, दोन्ही एकाच हालचालीत.

ते खुर्चीत बसले. नकळत उजवा हात क्यूच्या मधल्या जोडावर गेला. पूलचा क्यू दोन तुकड्यांचा असतो, मधे पेच. सामना संपला की पेच उलगडून क्यू पिशवीत ठेवायचा. पण नियमावलीत एक तरतूद आहे: निर्णायक रॅकमध्ये समोरचा खेळत असताना आपला क्यू उलगडला, तर सामना सोडला असं धरतात. मला हा नियम फार सूक्ष्म वाटतो. "झालं, घाल आता" असं न बोलता सांगण्याचा तो एक मार्ग असतो, आणि समोरच्याच्या शेवटच्या बॉलचं मोल त्यानं कमी होतं. काकांची बोटं जोडावर होती. मुलगा खडू लावता लावता तिकडेच बघत होता. बोटं तिथून सरकली आणि मांडीवर येऊन थांबली. क्यू अखंड राहिला. मग मुलगा वाकला आणि लहान पोरानंही घालावा असा तो बॉल त्यानं पूर्ण वेळ घेऊन, दोनदा निशाणा तपासून, अंतिम सामन्यातल्यासारखा खेळला.

काकांनी उठून बुंध्यानं टेबलाची कड दोनदा वाजवली. हात मिळवला. मुलाचा हात निळा झाला.

लोक पांगले. काका आता खरंच पेच उलगडणार, तेवढ्यात मुलानं नऊ नंबरचा बॉल पॉकेटमधून काढला आणि कोपऱ्यापासून दोन वीत अंतरावर, थोडा कुशनकडे ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पांढरा ठेवला, एकदा मागे सरकून बघितलं, बोटानं किंचित हलवला.

"काका, असाच होता ना?"

काका चष्मा लावून आले. वाकून बघितलं, बराच वेळ.

"नाही रे. पांढरा अर्धा बॉल डावीकडे होता."