टॉमकाका, यमू आणि वस्तरा

कादंबरीने समाज बदलतो काय, असा प्रश्न निघाला की अमेरिकेतील ‘अंकल टॉम्स केबिन’चा दाखला हटकून दिला जातो. मिसेस स्टो यांची ही कथा १८५१ पासून साप्ताहिकातून येऊ लागली, १८५२ मध्ये ग्रंथरूप झाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. तिच्याविषयी लिंकनच्या तोंडी घातले जाणारे उद्गार ही बहुधा दंतकथाच. परंतु गुलामगिरीच्या समर्थकांना तिच्या उत्तरादाखल कादंबऱ्या लिहाव्या लागल्या, हा पुरावा अधिक बळकट होय.

तिचे खरे मर्म आम्हांस दुष्ट लेग्रीपेक्षा सज्जन सेंट क्लेअरच्या मृत्यूत दिसते. टॉमच्या मुक्ततेचे कागद पुरे होण्यापूर्वीच हा दयाळू धनी मरतो व टॉम लिलावात उभा राहतो. दया धन्याबरोबर गेली, कायदा मागे उरला.

१८९० मध्ये ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत नेमके हेच घडते. रघुनाथराव पत्नीला मानाने वागवतात. ते जाताच यमू शंकरमामंजींच्या तावडीत सापडते आणि तिचे बळाने केशवपन होते. मात्र उत्तरेतला अमेरिकन वाचक दूरच्या मळेवाल्यावर संतापू शकत होता. हरिभाऊंच्या वाचकाची सोवळी आत्या त्याच्याच माजघरात बसलेली होती. तो रडला, पण न्हाव्याला बोलावणे धाडायचे थांबला असे नाही.

त्याच १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा ठराव केला. वाङ्मयाच्या इतिहासांत या सभेला सहसा ओळभरही जागा मिळत नाही, हे आम्हांस खटकते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केली, ती कादंबरी नव्हे. पण टॉमच्या देशाशी आपले नाते प्रथम त्यांनीच नेमके ओळखले. निजामी अमलातील वेठ व कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी चाकरी यांना मात्र तसा हरिभाऊ मराठीत लाभला नाही.

बोथसारख्या गावी चातुर्मासात देवळातून पोथी लागते. पोथी संपल्यावर एखाद्या वर्षी यमूची कथाही वाचावी. केशवपनाचे प्रकरण मात्र गाळू नये.