स्थायी की नियमित जोडणी? : पीएचपी माहितीपुस्तिकेतील भूमिकेचे समीक्षण

वेब प्रोग्रॅमिंगमध्ये डेटाबेसशी नियमित जोडणी करावी की स्थायी, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. तथापि निकालाच्या दिवशी महाविद्यालयाचे संकेतस्थळ तग धरेल की नाही, हे अंशतः या निवडीवर अवलंबून असते. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क ज्या मुळशी तालुक्यात आहे, तेथील संगणकशास्त्राच्या अध्यापनात तर या प्रश्नाची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

नियमित जोडणी प्रोग्रॅम संपताच बंद होते. स्थायी जोडणी वेब सर्व्हरच्या प्रक्रियेत उघडी राहते व पुढील विनंतीसाठी पुन्हा वापरली जाते. पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत दीर्घकाळ प्रचलित असलेल्या प्रकरणाचे प्रतिपादन असे की, स्थायीऐवजी नियमित जोडणी वापरल्यास प्रोग्रॅमचे वर्तन बदलत नाही. कार्यक्षमता मात्र बदलू शकते. हे प्रतिपादन एकाच दिशेने खरे आहे. वाचक मात्र ते दोन्ही दिशांनी गृहीत धरतो, आणि येथेच दोष उद्भवतो. टेबलला कुलूप लावून प्रोग्रॅम मध्येच थांबला, तर नियमित जोडणी तुटताच कुलूप सुटते. स्थायी जोडणीत ते तसेच राहून इतर विनंत्या खोळंबतात. माहितीपुस्तिका हा धोका सांगते, परंतु अपवाद म्हणून. वस्तुतः तो या पद्धतीच्या स्वरूपातच आहे.

2009 मधील पीएचपी 5.3 पासून मायएसक्यूएलआयमध्ये पुनर्वापरापूर्वी जोडणीची सफाई होते. परंतु पुनर्वापर होईपर्यंत कुलूप कायम राहू शकते, शिवाय सफाईमुळे वाचलेल्या वेळेचा काही भाग खर्ची पडतो.

दुसरा मुद्दा संख्येचा होय. अपाचीच्या प्रीफोर्क पद्धतीत मूळ मर्यादा 256 प्रक्रियांची, तर मायएसक्यूएलची 151 जोडण्यांची आहे. प्रत्येक प्रक्रियेने एक जोडणी अडवून धरल्यास, बहुतांश जोडण्या निष्क्रिय असूनही नव्या विनंतीस नकार मिळतो. छोट्या महाविद्यालयात वेब सर्व्हर व डेटाबेस बहुधा एकाच यंत्रावर असतात. तेथे मायएसक्यूएलची नवी जोडणी अल्प खर्चाची असल्याने स्थायी जोडणीचा लाभही अल्पच ठरतो.

सारांश, नियमित जोडणी हाच मूळ नियम मानावा. डेटाबेस दूरच्या यंत्रावर असेल, प्रत्यक्ष मोजमापाने लाभ सिद्ध झाला असेल आणि प्रक्रियांची संख्या जोडण्यांच्या मर्यादेत राखली असेल, तरच स्थायी जोडणी स्वीकारावी. वेग हे पुरेसे कारण नव्हे, हे विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातून दाखविणे आवश्यक आहे.