मौनाचा अर्थ कोणी लावायचा?

न्यायालयाचा निकाल हीसुद्धा एक संहिता असते. ती लिहिताना कोणाचे जगणे गृहीत धरले आहे, हे तपासणे समीक्षेचेच काम होय. सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर १९७८ चा ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल मी असाच वाचतो.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीला पोलिसांनी थांबवून घेतले. बरोबरच्यांना बाहेर काढले. डॉक्टरांच्या मते तिचे वय चौदा ते सोळा. सत्र न्यायालयाने १९७४ साली तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून दोन्ही पोलिसांना सोडले. भीतीपोटी शरीर स्वाधीन करणे ही संमती नव्हे, असे म्हणत नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अंगावर जखम नाही, म्हणून प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणून संमती!

येथे मूलभूत प्रश्न उभा राहतो. किल्लारीत शिकवताना मी पाहतो, ऊसतोडीची उचल घेतलेली बाई मुकादमापुढे मान हलवते. माझ्या घरात मीच पहिला पदवीधर. कचेरीत साहेबापुढे गप्प उभे राहणारे आईवडील मी पाहिले आहेत. ती मान, ते मौन म्हणजे होकार काय? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बोलू दिले नाही, त्यांच्या न बोलण्याचा अर्थ प्रस्थापितांनी स्वतःच्या सोयीने लावला. दाराची कडी कोणाच्या हातात होती, हे निकालाने वाचलेच नाही.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे २०१३ साली कायद्यात स्पष्ट आले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते आहे.

परंतु त्याच कलमात अपवाद आहे: अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. ठाण्याच्या दाराची कडी कायद्याने ओळखली. घराच्या दाराची अजून ओळखलेली नाही. आणि गावच्या बैठकीत आजही पहिला प्रश्न तोच असतो: ती ओरडली का नाही? हा निकाल आपण वर्गावर्गात वाचला पाहिजे, तो या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी.