'अलबेला'चें संगीत : आणलेलें आणि उचललेलें

परकी चाल घेतली कीं ती चोरी, असा निवाडा देऊन आपले संगीतरसिक बहुधा मोकळे होतात. १९५१ सालच्या 'अलबेला' या बोलपटाचीं गाणीं पुनः ऐकतांना हा निवाडा मला फार उथळ वाटला. त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांनीं जाझचीं वाद्यें आणि लॅटिन अमेरिकेचे ताल उघडउघड आणले. पण आणणें निराळें आणि उचलणें निराळें, व हा फरक त्यांच्याच दोन गाण्यांत दिसतो.

'समाधि' (१९५०) मधील 'गोरे गोरे' हें गाणें 'चिको चिको' या चालीवर बेतलेलें आहे. ती चाल १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवुडच्या चित्रपटांतील. तिचा कर्ता जिमी मॅकह्यू अमेरिकन. गाणारी कार्मेन मिरांडा पोर्तुगालांत जन्मून ब्राझिलांत वाढलेली. आणि गीताचा नायक पोर्टो रिकोचा! उसन्याचें उसनें तें हेंच. लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांनीं गाणें गोड म्हटलें आहे. परंतु ते कंठ वजा केले तर चितळकरांचें असें थोडेंच उरतें.

'अलबेला'तील 'शोला जो भडके' याची गोष्ट वेगळी. बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन : सारा सरंजाम परका. तरी ही चाल एकदां नुसत्या पेटीवर वाजवून पाहावी. ती कोठें अडखळत नाहीं. मुखड्याकडे परतण्याची तिची ओढ आपल्या गीताची आहे. बोंगो तिला नाचवतो, पण वळवीत नाहीं. त्याच सुमारास, १९४९ सालीं, जपानांत 'टोकियो क्यूबन बॉईज' हा वाद्यवृंद उभा राहिला होता. तेव्हां या तालाची भुरळ केवळ मुंबईलाच पडली होती असें नव्हे.

हा सरंजाम हाताळणारे कोण? बहुतांशीं गोमंतकीय. पोर्तुगीज अमदानींतील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले हे वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. संगीतकारानें चाल गुणगुणावी आणि त्यांनीं ती वाद्यांत वांटून कागदावर उतरवावी, असा क्रम असे. त्यांतलाच चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, आपल्या वाद्यवृंदासह 'अलबेला'च्या पडद्यावर दिसतो. संगीतकारावर पानेंच्या पानें लिहिणारे आमचे लेखक या मंडळींना एक ओळही देत नाहींत, हें मला लाजिरवाणें वाटतें.

याच चित्रपटांत पिलूची छाया असलेली 'धीरे से आजा' ही अंगाई आहे. नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयांत जो शिकला, तो हा चितळकर खरा. 'शोला'वाला पोटासाठीं झालेला, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हें पटत नाहीं. अंगाईंतील स्वर जितक्या अलगद खालीं उतरतात, तितक्याच अलगद ते 'शोला'तही मुखड्यावर येऊन टेकतात. पुढें ट्रंपेट गर्जत असल्यामुळें आपलें तिकडे लक्ष जात नाहीं, इतकेंच.