सांगणे आणि शिकविणे : दूरवैद्यक मार्गदर्शिका व मधुमेही रुग्ण

२५ मार्च २०२० रोजी, करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. दूर बसलेल्या रुग्णास डॉक्टरने सल्ला द्यावा की नाही, याविषयीची कायद्याची संदिग्धता तिने दूर केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. प्रस्तुत टिपणात तिचा एकच भाग तपासावयाचा आहे.

डॉक्टरने दुरून करावयाच्या कार्याचे तिने तीन भाग पाडले आहेत : आरोग्यशिक्षण, समुपदेशन आणि औषधलेखन. उपकरण कसे वापरावे हा विषय समुपदेशनात येतो, आणि उदाहरण दिले आहे ते श्रवणयंत्राचे. वरवर पाहता हे उदाहरण निरुपद्रवी वाटते. परंतु वर्गीकरणाचा दोष नेमका येथेच उघड होतो. श्रवणयंत्र चुकीचे बसले तर ऐकू येत नाही आणि चूक तत्काळ ध्यानात येते. इन्सुलिनची चूक मात्र मुकी असते.

एक प्रसंग कल्पून पाहू. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणात मिळते, तर पेनच्या नळीतील इन्सुलिन १०० युनिटचे असते. त्या त्या प्रमाणासाठी सिरिंजही वेगळी. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. पेन बिघडले म्हणून रुग्णाने त्यातील इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट शरीरात जातात, म्हणजे अडीचपट. डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘वीस युनिट घ्या’. रुग्ण म्हणाला, ‘वीसच घेतले.’ दोघेही खरे बोलले. आणि तरीही काही वेळाने रुग्णास दरदरून घाम सुटतो, हातपाय कापू लागतात, प्रसंगी शुद्धही हरपते. संभाषणात दोष नाही. दोष आहे तो संभाषणालाच शिक्षण मानण्यात.

दुसरी अडचण स्पर्शाची. एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली मेदाचा फुगवटा येतो आणि तेथून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते. असा फुगवटा पुष्कळदा डोळ्यांस दिसत नाही, बोटांस लागतो. चित्रसंवाद कितीही स्पष्ट असला तरी तो बोटांची जागा घेऊ शकत नाही.

याचा अर्थ दूरस्थ उपचार त्याज्य होत असा नव्हे. तालुक्याच्या गावीही तज्ज्ञ न मिळणाऱ्या रुग्णाने रोजच्या साखरेचे आकडे फोनवर कळविले, तर मात्रा वेळीच बदलता येते. शिवाय दवाखान्यात जे कधीच दिसत नाही ते घर येथे दिसते : इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात गोठत पडले आहे काय, सुया कोठे ठेवल्या आहेत, घरात टोचते कोण. हा लाभ सामान्य नव्हे.

बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली, इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, मधुमेहावरील आपली पुस्तिका डॉक्टर व रुग्ण या दोघांच्या परस्पर उपयोगासाठी म्हणून काढली. त्यातील ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा. समुपदेशनाच्या कल्पनेत एक सांगतो व दुसरा ऐकतो. शिक्षणात मात्र ऐकणाऱ्याने करून दाखवावे लागते.

तेव्हा अशा मार्गदर्शिकेत उपकरण-शिक्षण हे चौथे, स्वतंत्र कार्य मानले जावे, असे आम्हांस वाटते. रुग्णाने कुपीवरील व सिरिंजवरील आकडा स्वतः वाचून दाखवावा. मात्रा कॅमेऱ्यासमोर ओढून दाखवावी. पेनची कळ दाबल्यावर सुई तशीच ठेवून दहा अंक मोजावेत. आणि टोचण्याच्या जागा अधूनमधून कोणा जाणत्या परिचारिकेच्या हातांनी तपासल्या जाव्यात. ‘रुग्णास सांगितले’ एवढ्या नोंदीने डॉक्टरचे दायित्व कदाचित संपत असेल. रुग्णाचे शिक्षण तेथे सुरूही झालेले नसते.