चेहरा नसलेला राम

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी हैदराबादेत राम रंगविला आणि अनेक चित्रांत त्याचे मुख रिकामेच ठेविले, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकांना आजही खटकते. खटकणे स्वाभाविकच आहे. मूर्तीच्या मुद्रेवर दृष्टी स्थिर करून ज्यांनी आयुष्यभर आरती म्हटली, त्यांनी त्या रिक्त मुखाकडे कोणत्या भावाने पाहावे?

या चित्रमालिकेची मूळ प्रेरणा डॉ. राममनोहर लोहिया यांची. राम हा उत्तर-दक्षिणेच्या व कृष्ण हा पूर्व-पश्चिमेच्या ऐक्याचा नायक, असे त्यांचे प्रतिपादन होते. धनिकांचे दिवाणखाने सजविण्यापेक्षा रामायण रंगवा, असे त्यांनी हुसेन यांस सुचविले. १९६७ साली लोहिया निवर्तले. पुढे हैदराबादचे बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने हे काम उभे राहिले.

राम जर साऱ्या देशाला सांधणारा, तर त्याचा तोंडवळा कोणत्या प्रांताचा असावा? हा प्रश्न हैदराबादेत तरी पोकळ नव्हता. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे निजामी राज्य १९४८ साली भारतात आले आणि १९५६ साली भाषावार वाटले गेले. त्या नगरीत रामाला एक ठराविक चेहरा न देणे, हे आम्हांस एक विधानच वाटते.

शिवाय ज्याला आपण रामाचा चेहरा म्हणतो, तो तरी किती जुना? राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप छापखाना काढला. तो पुढे मळवलीस गेला. तेथील व तशा इतर छापखान्यांतील तसबिरींनी घरोघरच्या देवघरांत एकाच वळणाची मुखे नेली. त्याआधी शेंदूर माखलेला तांदळा आपल्याला देव म्हणून पुरत होता. लिंगाला मुख नसते. उत्सवात त्यावर मुखवटा चढवितात आणि उत्सव सरला की उतरवितात. पुरीच्या जगन्नाथाचे ते वाटोळे डोळे, ते अपुरे हात! त्यांना विद्रूप म्हणण्याचे धाष्टर्य कोणी केले नाही.

साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी डोळे पार कपाळावर नेऊन माणसाचे मुख विकृत केले, ते संतापाने. हुसेन यांच्या रामापाशी संताप नाही. तेथे पाहणाऱ्यासाठी जागा मोकळी सोडली आहे. ही चित्रे बैलगाडीतून हैदराबादजवळच्या खेड्यांत नेली असता, डोळे कोठे आहेत असे कोणीही विचारले नाही, असे हुसेन सांगत. साक्ष चित्रकाराची स्वतःचीच आहे, हे ध्यानी धरूनच ती घ्यावी.

१९९६ नंतर त्यांच्या इतर चित्रांवरून जो क्षोभ उसळला, त्यात दुखावलेल्यांची आम्ही थट्टा करणार नाही. पण तो दोष मागे नेऊन या रामाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. आमची तक्रार वेगळीच आहे. पुढे मदर तेरेसांच्या चित्रांतही तेच रिकामे मुख वारंवार आले, आणि तेथे मात्र आम्हांस अनेकदा नुसती हाताची सवय दिसते.