पट्टी जमली, पण धाग्याचं काय?

आजचा विषय तसा बोटभर रुंदीचा आहे. ऑस्ट्रियात हालश्टाट नावाचं गाव आहे आणि तिथे मिठाची प्राचीन खाण आहे. लोहयुगात, म्हणजे ढोबळमानाने इसवीसनपूर्व ८०० ते ४०० या काळात, खाणीत टाकून दिलेल्या चिंध्या मिठामुळे टिकल्या; त्यांचे रंगसुद्धा टिकले. त्या चिंध्यांत काही नक्षीदार लोकरी पट्ट्या आहेत, कपड्याच्या काठाला शोभाव्यात अशा. आज संग्रहालयांतले अभ्यासक आणि हौशी विणकर या पट्ट्या पुन्हा विणतात. त्यातले काही जण सूतही स्वतः कातलेलं वापरतात, आणि तसं अभिमानाने सांगतात. आपल्याला आज विचारायचंय ते एवढंच: हातसुतामुळे प्रतिकृती खरी होते का? आमचं म्हणणं असं की होऊ शकते, पण ते सूत कसं कातलं हे मोजलेलं असेल तर.

आधी हे विणकाम समजून घेऊ. इंग्रजीत त्याला टॅब्लेट विव्हिंग म्हणतात. आपण 'पत्त्यांवरचं विणकाम' म्हणू, कारण यातली साधनं खेळायच्या पत्त्यांसारखीच दिसतात. लाकडाचा, हाडाचा किंवा चामड्याचा छोटा चौकोन घ्यायचा, चार कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येक भोकातून ताण्याचा एक धागा. असे वीस पत्ते शेजारी धरले की ऐंशी धागे झाले. पत्ते पाव फेरी फिरवले की धाग्यांमध्ये फट पडते, तिच्यातून बाण्याचा धागा घालायचा, ठोकायचा, पुन्हा पाव फेरी. म्हणजे एकेका पत्त्यातले चार धागे एकमेकांभोवती पिळले जातात आणि त्यांची बारीक दोरी होते. पट्टी म्हणजे अशा दोऱ्या शेजारी शेजारी, बाण्याने बांधलेल्या. युरोपातल्या अभ्यासकांचं याकडे नीट लक्ष गेलं ते मार्गारेटे लेमान-फिल्हेस यांच्या १९०१ च्या पुस्तकामुळे.

आता गंमत बघा. या पट्टीत पीळ दोनदा येतो. एक धाग्याचा स्वतःचा, कातताना दिलेला. दुसरा पत्ते फिरवल्यामुळे दोरीला पडलेला. दोन्ही पिळांना दिशा असते; अक्षरांतल्या तिरक्या रेषेवरून अभ्यासक त्यांना 'झेड' आणि 'एस' म्हणतात. दोन्ही पीळ एकाच दिशेचे असले तर पृष्ठभाग एक दिसतो, उलट असले तर वेगळा. हालश्टाटच्या विणकरांना ही जाण पक्की होती. तिथे असं कापड सापडलंय की ज्यात धाग्याचा रंग एकच, पण काही धागे झेड पिळाचे आणि काही एस. त्यामुळे उजेड पडला की कापडावर सावलीसारखे पट्टे उमटतात. रंग न बदलता नक्षी!

मग बाजारातली विणायची लोकर आणून पट्टी विणली तर काय होतं? नक्षी येते, पण पट्टी येत नाही. ती लोकर सुयांवर विणण्यासाठी केलेली, मऊ आणि सैल पिळाची. पत्ते प्रत्येक वळणाला धागे घासतात. सैल धागा पिंजारतो, शेजारच्या धाग्याला चिकटतो, फट नीट उघडत नाही. शिवाय या विणकामात पट्टीची रुंदी मुख्यतः ताण्याच्या जाडीवर ठरते. हालश्टाटला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक धागा सर्रास आहे. तुमचा धागा दुप्पट जाड असेल तर बोटभर रुंदीची किनार दोन बोटांचा पट्टा होते आणि नक्षीतली नाजूक तिरकी रेघ पायऱ्यांसारखी दिसायला लागते. फोटोत हे कळत नाही, शेजारी फूटपट्टी ठेवली की कळतं.

इथपर्यंत हातसुताची बाजू आम्ही मांडली. आता तक्रार. आजच्या अनेक प्रतिकृतींत हातसूत म्हणजे गाठीगाठींचं, कुठे जाड कुठे बारीक, 'गावरान' दिसणारं सूत असतं. प्रेक्षकालाही ते आवडतं, कारण जुनं म्हणजे ओबडधोबड अशी आपली समजूत. मूळ तुकडे तिला साफ खोटं पाडतात. ते सूत बारीक आहे, एकसारखं आहे, आवळून कातलेलं आहे. आपल्याला हे नवीन वाटायला नको. आंध्र प्रदेशातल्या पोंडुरूची हातसुताची खादी ज्यांनी हातात घेतली असेल, त्यांना हात किती बारीक कातू शकतो ते ठाऊक आहे. तेव्हा मुद्दाम खडबडीत ठेवलेलं हातसूत हे गिरणीच्या सुताइतकंच मुळापासून दूर आहे. उलट ते जास्त फसवतं, कारण ते खरं असल्याचा आव आणतं.

दुसरा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, श्रमाचा. 'किती तास कातावं लागलं असेल!' करू या हिशेब. वीस पत्ते, ऐंशी धागे, प्रत्येकी दीड मीटर: ताणा झाला १२० मीटर. धागा दोनपदरी असेल तर एकपदरी सूत साधारण २४० मीटर. टकळीवर अनुभवी माणूस तासाला चाळीस मीटरच्या आसपास काततो असं धरलं, तर सहा तास. वर दोन पदर एकत्र पिळणं, लोकर विंचरणं, रंगवणं. काम आहेच, पण नक्षीची मीटरभर पट्टी विणायलाही वेळ कमी लागत नाही. अंगभर कपड्याच्या बाबतीत कताईचे तास डोळे फिरवतात, पण पट्टीपुरता तो मुद्दा उगाच फुगवला जातो. पट्टीसाठी हातसूत हवं ते धागा कसा वागतो हे कळायला.

आणि ते कळायचं तर शिस्त हवी. कोपनहेगनच्या सेंटर फॉर टेक्स्टाइल रिसर्चने आपल्या प्रयोगांसाठी नियम घालून घेतले: कच्चा माल त्या काळाला धरून निवडायचा, एकच काम किमान दोन कसबी माणसांकडून करून घ्यायचं, प्रत्येक टप्पा नोंदवायचा. दोन माणसं का? कारण टकळीच्या चकतीचं वजन सुतावर परिणाम करतं, तसाच कातणाऱ्याचा हातही करतो. एकाच हाताचं सूत पाहिलं तर कुठला गुण टकळीचा आणि कुठला हाताचा, हे कसं सांगणार?

शेवटी एक सावधगिरी. नॉर्वेत ओसेबर्गच्या जहाज-दफनात, इसवी सन ८३४ च्या, ५२ लाकडी पत्ते सापडले, त्यांत धागे ओवलेले, काम अर्धवट. तिथे वाद नाही. पण इजिप्तचा 'रामसेसचा कमरपट्टा' घ्या, आता तो लिव्हरपूलला आहे. पाच मीटरहून लांब, अतिशय बारीक जवसाच्या सुताचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही विद्वानांनी तो पत्त्यांवर विणला असं मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की पत्त्यांशिवायही तो विणता येतो, आणि आज पत्त्यांचा तर्क बहुतेक जण मानत नाहीत. आपल्याला एका रीतीने जमलं म्हणजे त्यांनीही तसंच केलं, असं होत नाही. हातसुतालाही हेच लागू.

'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. या अभ्यासात ती अक्षरशः खरी आहे. रंग उडतो, तुकडा काळा पडतो, तरी सूक्ष्मदर्शकाखाली पिळाची दिशा आणि तिरकेपणा दिसतो. म्हणून पुढच्या वेळी 'हातसुताची प्रतिकृती' अशी पाटी दिसली की तीन गोष्टी विचारा. धाग्याची जाडी मुळाशी मोजून जुळवली का? पिळाची दिशा आणि आवळपणा जुळवला का? आणि जिथे जुळला नाही, तिथे तसं लिहिलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर पहिल्या दोनांत थोडं कमीजास्त असलं तरी त्या प्रतिकृतीवर आम्ही विश्वास ठेवू. प्रश्न असतील तर आता घेऊ या.